केबल बसायला वेळ लागतो

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात केबलवर बोलायचा पहिला मान शेतकऱ्याचा. पुण्यामुंबईच्या माणसाला केबल म्हटलं की टीव्हीवरच्या मालिका आठवतात, आमच्याकडे मोटर आठवते. उजनीचं पाणी एकीकडे आणि ऊस तिथून दोन-तीन कोस आत. उन्हाळ्यात धरण उतरायला लागलं, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातून वर यायला लागलं, की पाणी काठापासून मागे सरकतं आणि त्याच्या पाठोपाठ मोटरी, पाइप आणि केबलची वेटोळी घेऊन माणसंही चिखलातून सरकत जातात. स्टार्टरपासून मोटर जितकी लांब, तितका व्होल्टेज वाटेत गळणार. थ्री फेजच्या ४१५ व्होल्टपैकी पलीकडे किती पोचायचे ते केबलची जाडी ठरवते. केबल बारीक पडली की मोटर कण्हायला लागते, जास्त अँपिअर ओढते, तापते, आणि रात्रीच्या लाईटीवर कुणाचं लक्ष नसताना वाइंडिंग जळून मोकळी होते. तांब्याऐवजी ॲल्युमिनियम वापरायचं तर केबल आणखी जाड हवी, कारण ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. हा हिशेब इकडे सातवीत शाळा सोडलेल्या माणसालाही तोंडपाठ असतो. दुकानात तो "अडीच एमएमच्या नादी लागू नको, चारची दे" म्हणतो तेव्हा त्यामागे एक जळलेली मोटर असते.

केबलची सगळ्यात निर्मळ पारख मात्र चोरांची. रात्रीतून केबल कापायची, बांधावर जाळून वरचं प्लॅस्टिक उडवायचं आणि तांबं भंगारात वजनावर घालायचं. कंपनी कुठली, जाहिरात कुणाची, वेष्टण कसलं, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसतं.

अशा मुलखात आमच्या दाजींनी अठरा हजारांची केबल आणली, आणि ती भरली दीड मीटर.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, इंदापूरला राहतात. साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून उभी नोकरी झाली. ब्रिक्स, पोल, उतारा यांच्या दशांशांवर जगलेला माणूस. उताऱ्यात दशांश चिन्हानंतरचा एक आकडा इकडचा तिकडे झाला की हजारो सभासदांच्या दरावर परिणाम होतो, त्यामुळे कुणी 'साधारण' हा शब्द वापरला तरी त्यांना अंगावर पाल पडल्यासारखं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी गाणं ऐकायचं ठरवलं आणि तेही केमिस्टाच्या शिस्तीत: आधी खोली, मग स्पीकर, मग ॲम्प्लिफायर, मग डॅक नावाची एक छोटी डबी. ही डबी संगणकातून आलेल्या आकड्यांचं पुन्हा आवाजात रूपांतर करते. संगणक आणि डबी यांच्यामध्ये यूएसबी केबल लागते, एका टोकाला चपटी आणि दुसऱ्या टोकाला चौकोनी. घराघरांतल्या प्रिंटरला असते तीच. दाजींनी सुरुवातीला प्रिंटरचीच लावली होती आणि गाणं व्यवस्थित चालू होतं. मग कुणीतरी त्यांना विचारलं, "एवढं सगळं केलंत आणि केबल प्रिंटरची?" झालं. त्या दिवसापासून त्यांना आवाजात शाई दिसायला लागली असावी.

नवी केबल लाकडी पेटीत आली. आत मखमल, मखमलीवर केबल, केबलवर चांदीच्या जरीसारखी वीण आणि सोबत सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र. माझ्या ताईला लग्नात मिळालेला राणीहार अजून डब्यात कापसावर असतो, हे तिने त्या वेळी बोलून दाखवलं नाही, पण पेटीकडे पाहिलं मात्र बराच वेळ. मला गंमत वाटली ती केबलवरच्या बाणाची. विद्युत संदेश कोणत्या दिशेने गेला म्हणजे गोड लागतो ते दाखवणारा छोटा सोनेरी बाण. आता यूएसबीची ही दोन टोकं वेगवेगळ्या आकाराची. उलटी लावायची म्हटलं तरी बसत नाहीत, हातोडा घेतला तरी नाही. शिवाय त्या तारेतून संदेश दोन्हीकडे ये-जा करत असतात. तरी बाण.

बाणावरून कुणी दाजींना हसू नये. २००८ च्या सुमारास डेनॉनसारख्या नामांकित जपानी कंपनीने दीड मीटरची इथरनेट केबल ४९९ डॉलरला बाजारात आणली होती, आणि तिच्यावरही दिशा दाखवणाऱ्या खुणा होत्या. ऑप्टिकल केबलींचं तर विचारूच नका. त्यांच्यातून वीज जातच नाही, लाल उजेड जातो. आत तांब्याचा कण नाही, साध्या प्लॅस्टिकचा पारदर्शक धागा. पण त्याही सोन्याचा मुलामा दिलेल्या टोकांच्या मिळतात. उजेडाला सोन्याचा काय उपयोग, हे त्या सोनारालाच ठाऊक. आमच्याकडचा केबलचोर ती हातात घेऊन, वजन करून, परत जागेवर ठेवून जाईल.

मुद्दा असा, की मोटरच्या केबलमधून जाते ती ताकद आणि दाजींच्या केबलमधून जातात ते आकडे. ताकद वाटेत कमी होऊ शकते. आकडा कमी होत नाही; तो एक तर पोचतो किंवा चुकतो. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी १९८० साली सीडीचे नियम ठरवले, त्यांत आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहायचा, आणि डाव्या-उजव्या कानांसाठी हे दोनदा करायचं, असं ठरलं. गुणाकार केला की सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० शून्यं आणि एक येतात. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण आजच्या यूएसबीला हे ओझंच नाही; त्याच जातीच्या केबलवरून याच्या शेकडो पट माहिती रोज जाते. तारेत विजेचा दाब थोडा खालीवर झाला तरी पलीकडच्या डबीला एवढंच ठरवायचं असतं, की हे शून्य की एक. ते ठरलं की दाब किती डळमळला होता हे कुणी विचारत नाही.

मी बारामतीचा आणि त्यातून मराठी शिकवण्यात आयुष्य गेलेला, त्यामुळे मला हे समजायला मोरोपंत पुरले. पंत (१७२९–१७९४) मूळचे पन्हाळ्याकडचे. बारामतीला नाइकांच्या आश्रयाला आले आणि कऱ्हेच्या काठी लिहीत राहिले. किती लिहिलं? नुसती रामायणंच एकशे आठ म्हणतात, त्यांत एक तर ओठ न जुळवता म्हणता येईल असं, निरोष्ठ, प-फ-ब-भ-म वर्ज्य. आणि हात बसलेला आर्येवर. आर्या म्हणजे मुळात लघू आणि गुरू यांचा हिशेब. लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन. पहिल्या आणि तिसऱ्या चरणात बारा-बारा, दुसऱ्यात अठरा, चौथ्यात पंधरा. गीती असेल तर चौथ्यातही अठरा. तिसरं काही नाही. अर्धवट लघू, जरासा गुरू, असला प्रकार छंदशास्त्रात नसतो.

आता ही आर्या कशावरून प्रवास करते? कधी जुन्नरी कागदावरून, कधी कीर्तनकाराच्या बसलेल्या गळ्यातून, कधी चौथीतल्या पोराच्या घोकंपट्टीतून. पोराला सर्दी झाली म्हणून पंतांचा गुरू लघू होत नाही. भूर्जपत्रावर सोन्याच्या शाईने लिहिली म्हणून बाराच्या तेरा मात्रा होत नाहीत. आणि नक्कल करणाऱ्याने डुलकी घेऊन एखादं अक्षर गाळलं तर वाचणाऱ्याची जीभ तिथेच अडखळते: मात्रा कमी पडली, इथे काहीतरी सुटलंय. वृत्त हा असा राखणदार असतो. डिजिटल गाण्यातही असे राखणदार बसवलेले असतात, कुठे मोजणीसाठी जोडलेला एक जादा बिट, कुठे बेरजेसारखी तपासणी. दोन चुका एकमेकींना झाकून निसटतात कधीकधी, जसा 'राम'च्या जागी 'नाम' पडला तर मात्रांना पत्ता लागत नाही. पण सीडीवर रीड आणि सोलोमन या दोन गणितींची १९६० सालची युक्ती वापरतात. ती नुसती चूक पकडत नाही, उरलेल्या आकड्यांवरून हरवलेला आकडा परत काढून देते. जुना पंडित फाटक्या पोथीतली गेलेली अक्षरं अर्थावरून भरून काढायचा, त्याच जातीचं काम.

हे सगळं मी दाजींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, कारण त्यांना मोरोपंतांबद्दल आदर आहे.

माझ्या भाच्याला नाही. तो संगणकाचं शिकलेला. त्याने एक दिवस ती अठरा हजारांची केबल डॅकची काढून प्रिंटरला लावली आणि शेताचा सातबारा छापला. मग जुन्या केबलने तोच पुन्हा छापला, आणि दोन्ही कागद वडिलांपुढे ठेवले. "बघा पप्पा, क्षेत्र एक गुंठासुद्धा वाढलेलं नाही. बोजाही तेवढाच आहे."

दाजी कच्चे नाहीत. ते म्हणाले, "प्रिंटरला घाई नसते. चूक आली तर तो परत मागून घेतो. गाण्याला परत मागायला वेळ कुठे असतो? गेलेला क्षण गेला." आणि हे अगदी खरं आहे. यूएसबीवरून आवाज जातो तेव्हा चुकलेला भाग पुन्हा पाठवायची सोय बहुधा नसते. एवढा नेमका मुद्दा मांडल्यावर भाचाही थोडा वरमला. पण तो मुद्दा पुढे न्यायचा तर असं निघतं, की दीड मीटरच्या धड केबलमध्ये अशी चूक फार क्वचित होते, आणि झाली तर 'टक्' असा आवाज येतो, नाहीतर गाणं क्षणभर गप्प होतं. केबल फारच लांब किंवा आतून तुटकी असेल तर ते वारंवार होतं आणि आपण ती फेकून देतो. आकडे चुकल्यामुळे किशोरीताईंचा गंधार जरासा कमी आर्त लागला, तंबोऱ्याचा गोडवा पावशेर उतरला, असं होत नाही. चूक इतकी रसिक नसते.

मग दाजींनी ठेवणीतलं काढलं: जिटर. म्हणजे आकडे बरोबर, पण वेळेत हेलकावा. ही कल्पना खोटी नाही; जुन्या यंत्रांत त्याचा त्रास होता, इंजिनिअर त्यासाठी झटले आहेत. पण म्हणूनच आताच्या बहुतेक चांगल्या डॅकमध्ये घड्याळ डबीच्या पोटात असतं. ती स्वतःच्या तालावर संगणकाकडून आकडे मागवते, थोडे साठवते आणि आपल्या वेळेने सोडते. केबल कशी धावत आली याची ती दखल घेत नाही. दाजींची डबी त्याच जातीची. माहितीपत्रकात पान चारवर लिहिलंय; मी दाखवलं; त्यांनी चष्मा शोधायला सुरुवात केली.

"मग डोळे बांधून बसा," भाचा म्हणाला. "आई पलीकडे केबल बदलेल. कुठली लावलीय ते ओळखा."

"कान म्हणजे पोलारिमीटर नव्हे," दाजी म्हणाले. "परीक्षेला बसवलं की कान घाबरतात."

आयुष्यभर नमुना कुणाच्या उसाचा हे ठाऊक नसताना तपासायचा, असा हट्ट धरणारा हा माणूस. पण यातही ते एकटे नाहीत. २००७ मध्ये जेम्स रँडी या अमेरिकन जादूगाराने जाहीर आव्हान दिलं होतं. ७,२५० डॉलरची एक स्पीकर केबल आणि साधी केबल यांतला फरक न बघता ओळखून दाखवा, दहा लाख डॉलर घेऊन जा. स्पीकरची केबल बरं का, जिच्यातून खरोखर ताकद वाहते आणि जिची जाडी-लांबी थोडीफार चालते-बोलते. नुसत्या आकड्यांची नव्हे. तरीही बोलणी फिसकटली, केबलवाल्या कंपनीने अंग काढून घेतलं आणि परीक्षा झालीच नाही. दहा लाख डॉलरसाठी जे कान बसले नाहीत ते ताईच्या पुढ्यात काय बसणार.

ताईला मी विचारलं, तुला काय फरक वाटतो. ती म्हणाली, "मला स्वयंपाकघरातून दोन्ही सारखंच ऐकू येतं. कुकरची शिट्टी झाली की तेही नाही."

आता माझं मत. दाजींना फरक ऐकू येतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ते खोटं बोलत नाहीत. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या काही संशोधकांनी लोकांना एकच वाइन दोन वेगवेगळ्या किमती सांगून पाजली आणि पिणाऱ्यांचे मेंदू यंत्रात पाहिले. महाग सांगितलेली वाइन लोकांना जास्त आवडली. नुसती आवडली म्हणाले असं नाही. मेंदूतला सुखाशी संबंधित भागही जास्त जागा झाला होता. म्हणजे फरक पडला होता, बाटलीत नव्हता एवढंच. दाजींचंही तसंच. पूर्वी ते गाणं लावून पेपर वाचायचे, मधेच उठून नळ आला का बघायचे, फोनवर पेन्शनीचं बोलायचे. अठरा हजार घातल्यापासून ते खुर्चीत ताठ बसतात, डोळे मिटतात, फोन आतल्या खोलीत ठेवतात. ख्याल विलंबितापासून ऐकतात. इतकं नीट ऐकल्यावर कुठल्याही केबलीतून गाणं चांगलंच लागणार. तेवढ्यासाठी अठरा हजार जास्त आहेत का, हा ज्याच्या त्याच्या पेन्शनीचा प्रश्न. भिगवणला रोहित बघायला लोक याहून महागडे कॅमेरे घेऊन येतात आणि पक्षी उडून गेल्यावर पडद्यावर बघतात.

आणि ऐकतात काय? तर अब्दुल करीम खाँ. त्यातही १९०५ सालच्या सुरुवातीच्या तबकड्या त्यांच्या विशेष आवडीच्या. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमाराला आलं. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणावर खाच पडायची. एका बाजूला तीनेक मिनिटं. खालचा खर्ज नाही, वरची झळाळी नाही, तंबोरा असला तर असेल. वर अखंड खरखर, जणू शेजारी कुणी शेंगा भाजतंय. त्या सगळ्याच्या पलीकडून खाँसाहेबांचा सूर येतो, आणि तो आला की खरोखर बाकीचं काही राहत नाही. दाजींची केबल ती खरखर अत्यंत निष्ठेने, एक बिटही न सांडता, पोचवते. प्रिंटरचीही पोचवत होती.

एक गोष्ट मात्र नव्या केबलनेही जात नव्हती. स्पीकरमधून बारीक घुंऽ असा आवाज यायचा. विलंबितात, दोन आवर्तनांच्या मधल्या शांततेत, तो बरोबर डोकं वर काढायचा. ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला हाताची मागची बाजू लावली तर झिणझिण्या यायच्या. दाजींचं म्हणणं, केबल अजून बसलेली नाही. या पंथात तसं मानतात. नव्या केबलमधून दोनशे-अडीचशे तास गाणं गेलं की ती 'उघडते'. त्यामुळे रात्री झोपताना ते हळू आवाजात कुमारजी लावून ठेवायचे आणि ताई उठून बंद करायची. तासांचा हिशेब त्यामुळे कधी जमत नव्हता.

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर करत इंदापूर तालुक्यात येते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला अश्वाचं. दाजी दर वर्षी बेलवाडीला जातात. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात, मृदंग त्यांच्यात कुठे कुठे मिसळलेला, मधेच कुणाच्या तरी भोंग्यावरून हरवलेल्या म्हाताऱ्याचं नाव पुकारत असतात, आणि आमचे दाजी त्या गदारोळात डोळ्यांत पाणी आणून उभे असतात. तिथे मी त्यांच्या तोंडून ध्वनीच्या दर्जाबद्दल कधी चकार शब्द ऐकलेला नाही.

यंदा ते तिकडे गेले असताना मी ताईकडे होतो. मृग कोरडा गेला होता. फ्रिजला हात लावला की चटका बसतो म्हणून ताईने वायरमनला बोलावलं होतं. पोरगा विशीतला, कानाला पेन्सिल. त्याने टेस्टर फ्रिजला लावला, मिक्सरला लावला, मग दाजींच्या ॲम्प्लिफायरला लावला. सगळीकडे मंद लाल उजेड. तो घराच्या मागे गेला, फरशीचं झाकण उचलून खाली पाहिलं आणि ओरडला, "काकू, अर्थिंगला पाणी कधी घातलं हुतं?"

"अर्थिंगला पाणी?" ताई म्हणाली. "ते काय झाड आहे?"

"खड्डा पार खडखडीत वाळलाय. खाली मीठ-कोळसा हाय, त्याला वल लागती. वल नसली तर गळका करंट जमिनीत उतरायचा कसा? मग ह्यो असा भांड्याकुंड्यांत फिरत बसतो." त्याने बादली मागितली. एक घातली, दुसरी घातली. माती सुरसुर करत पाणी पीत राहिली. पाचव्या की सहाव्या बादलीनंतर पाणी वर थांबलं. वायर सोडून, घासून, नट आवळून त्याने पुन्हा जोडली. फ्रिजचा चटका गेला. मी आत येऊन ॲम्प्लिफायर चालू केला. घुंऽ नव्हतं.

वायरमनने शंभर रुपये घेतले आणि जाता जाता त्या जरीच्या केबलकडे बघून विचारलं, "ही कशाची?" मी सांगितलं. किंमतही सांगितली. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ह्यातनं करंट किती जातो?" मी म्हटलं, करंट असा काही नाही, आकडे जातात. "आकडं?" तो म्हणाला. "आमच्या वस्तीवर लाईनीवर टाकत्यात ते?" मी नाही म्हटलं, पण समजावत बसलो नाही. मोरोपंतांपासून सुरुवात करावी लागली असती.

दाजी संध्याकाळी आले. कपाळावर बुक्का, चपलांवर धूळ, आवाज बसलेला. चहा घेतला, पाय धुतले आणि खुर्चीत बसून खाँसाहेब लावले. गाणं सुरू व्हायच्या आधीची जी दोन-चार सेकंदांची शांतता असते तिच्यात त्यांनी एकदम डोळे उघडले. हात वर करून आम्हाला गप्प केलं, आम्ही गप्पच होतो तरी. तबकडी संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? घुं गेलं. बसली केबल. म्हटलं नव्हतं, वेळ लागतो?"

मी ताईकडे पाहिलं. ताईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या साडीचा काठ अजून ओला होता.

"लागतो ना," ती म्हणाली.

हल्ली ती सकाळी तुळशीला पाणी घातलं की उरलेली अर्धी बादली मागच्या त्या खड्ड्यात ओतते. दाजींनी परवा खिडकीतून विचारलं, तिथे काय लावलंस?

"तुमची केबल," ताई म्हणाली.